गाडी विजेची घ्या, पण आधी ओझं मोजा



सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या अंबड तालुक्यात तीन कामं निघतात. आडत्याची उधारी, पोरीबाळींचे कपडे, आणि गाडी. आता गाडी म्हटलं की पोरं विजेचीच मागायलेत. माझा त्याला विरोध नाही. मी स्वतः विजेची गाडी दीड वर्षापासून वापरतो. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. पण शोरूममध्ये जे बोलणं होतं ते ऐकून मला वाईट वाटतं. रंग कोणता, स्क्रीनवर नकाशा दिसतो का, एका चार्जमध्ये किती पळते. तिथला पोरगा एक प्रश्न कधीच विचारत नाही आणि आपणही सांगत नाही: मालक, हिच्यावर नेणार काय?

शहरातला माणूस गाडी स्वतः बसायला घेतो. आपली गाडी म्हणजे निम्मी बैलगाडी असते. सकाळी दुधाचा कॅन, दुपारी युरियाची गोणी, संध्याकाळी गवताचा भारा, मोसंबी निघाली की क्रेट, रेशीमवाल्यांची कोषाची पोती, मध्येच फवारणीचा पंप आणि मागं एक मजूर. त्यामुळं माझं मत सरळ आहे. शेतकऱ्यानं विजेची गाडी किलोमीटरवर घेऊ नये, किलोवर घ्यावी. आधी ओझं, मग अंतर, मग चार्जिंगची जागा, आणि सगळ्यात शेवटी रंग.

आता किलोचा हिशेब बघा. गाडीच्या कागदात दोन वजनं असतात. एक मोकळ्या गाडीचं, दुसरं ओझ्यासकट जास्तीत जास्त किती चालेल ते. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतं ते तुमचं. बहुतेक स्कूटरचं ते १५० किलोच्या आसपास निघतं. त्यात चालवणारा धरलेला असतो हे लोक विसरतात. माझं वजन ७२. उरले ७८. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, पूर्वी ५० ची यायची. एक गोणी आणि मोसंबीचं एक क्रेट, झालं ओझं. दोन गोण्या टाकल्या की ९० झाले, म्हणजे मर्यादेच्या वर. आणि मागं कारभारीण बसली तर गोणीसुद्धा बसत नाही. चाळीस लिटरचा दुधाचा भरलेला कॅन कॅनसकट पन्नासच्या आतबाहेर जातो. दोन कॅन म्हणजे आधीच जास्त.

पेट्रोलच्या गाडीवर आपण हे सगळं मोडत आलोय, तीन गोण्या टाकून आलोय, मान्य. पण तिथं जास्तीत जास्त शॉकअप बसतो, क्लच घासतो, गावातला मेकॅनिक चारशे-पाचशेत करून देतो. विजेच्या गाडीत जास्तीचं ओझं मोटारीत, कंट्रोलरमध्ये आणि बॅटरीत उष्णता होऊन बसतं. ते गावात दुरुस्त होत नाही. बॅटरी ही गाडीतली सगळ्यात महाग वस्तू, आणि ती फुटक्या रिमसारखी बडवून सरळ करता येत नाही.

ज्याला रोज क्विंटलच्या वर न्यायचंय त्यानं दुचाकीचा नाद सोडावा. तीन चाकी मालवाहू विजेच्या गाड्या निघाल्यात, पाच क्विंटलच्या आसपास नेणाऱ्या. चार जणांच्या गटात एक घेतली तर परवडते. एकट्यानं दुचाकीला छळू नये.

ओझं बांधायची अक्कल मात्र आपल्याकडं जुनी आहे. मंठा-परतूरकडं तांडे आहेत. त्या बंजारा लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलुख पालथा घालायचे. गोणी दोन्ही अंगाला सारखी, पोटाच्या बाजूला खाली, पाठीच्या वर नाही. बैल शेकडो कोस चालायचा तो या समतोलावर. आपण काय करतो, सीटवर गोणी आडवी टाकतो आणि त्याच्यावर दुसरी. गाडीचा जीव वर जातो, वळणावर डुलते, ब्रेक दाबला की मागचं चाक हलकं पडतं. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या हीच पद्धत बरोबर. सायकलवर मोठा प्रवास करणारे परदेशी लोकसुद्धा हेच करतात. जड माल खाली आणि चाकाच्या आसाजवळ, हलका माल वर. स्कूटरला पाय ठेवायची सपाट जागा असते, तिथं गोणी उभी ठेवली तर गाडी सगळ्यात शांत चालते. फक्त पाय ठेवायला आणि ब्रेक दाबायला जागा राहिली पाहिजे.

रेशीमवाल्या भावांसाठी वेगळं सांगतो. कोष वजनाला हलका पण आकारानं मोठा. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून कोषाचा बाजार आहे, तिकडं दुचाकीवर पोती नेणारे रोज दिसतात. तीस किलो कोषाचं पोतं किलोच्या हिशेबात आरामात बसतं, पण वाऱ्याला शिडासारखं अडवतं. बॅटरी खाणारा तो वारा असतो, वजन नाही. कोष दाबूनही चालत नाही, डाग पडला की भाव पडतो. म्हणून हे पोतं उभं बांधा, रुंदी अंगाच्या बाहेर जाऊ देऊ नका, आणि गाडी चाळीसच्या वर नेऊ नका.

गाडी कशी असावी म्हणाल तर माझ्या डोळ्यासमोर लूना येते. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकनं लूना काढली. पन्नास सीसीचं इंजिन, पायडल, सडपातळ लोखंडी सांगाडा. पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी वापरली. त्याच घराण्यातल्या पुण्याच्या कायनेटिक ग्रीननं फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेची लूना बाजारात आणली. १६ इंची चाकं, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागची सीट काढता येते, ओझं १५० किलो, असं कंपनी सांगते. मी घ्या म्हणत नाही. पण गाडीचा विचार ओझ्यापासून सुरू केलेला दिसतो, एवढं मला त्यात पटतं. तिच्या दोन युनिटच्या बॅटरीला कंपनी ११० किलोमीटर सांगते. मोकळ्या सपाट रस्त्यावर, सावकाश, एकटा माणूस, तर ठीक. गोणी टाकून आपल्या पांधीनं मी पन्नास-साठच धरीन. हे कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू आहे. कंपनीचा आकडा हा बियाण्याच्या पिशवीवरच्या उत्पन्नासारखा असतो.

आता अंतराचा हिशेब, पण आपल्या पद्धतीनं. बॅटरी किती किलोवॉट-तास हे वाचून घाबरू नका, ते म्हणजेच युनिट. तीन किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे तीन युनिट. भरताना थोडी वीज चार्जर खातो, म्हणून मीटरवर साडेतीनच्या आत पडतात. मी चार्जिंगच्या बोर्डाला जुना सबमीटर लावलाय आणि वहीत लिहितो. माझ्या गाडीला मोकळं जाताना एका युनिटात ३२ किलोमीटर मिळतात. सत्तर किलो ओझं घेऊन २३. हाच तो आकडा, जो शोरूममध्ये कुणी सांगत नाही. भरलेल्या बॅटरीत ओझ्यासकट ७८ किलोमीटर होतात, पण शेवटचा पाचवा हिस्सा मी हिशेबात धरत नाही, कारण बॅटरी तळाला आणणं तिच्या तब्येतीला चांगलं नाही आणि रात्री पांधीत ढकलणं माझ्या. म्हणजे राहिले बासष्ट. कागदावर १२० लिहिलेलं आहे.

जालन्याचा मोंढा आमच्यापासून तीस किलोमीटर. जाताना भरून, येताना मोकळं. सव्वादोन युनिट लागतात. युनिटला दहा रुपये धरले तरी बावीस-तेवीस रुपये. ओझ्याची मोटारसायकल लिटरला पंचेचाळीस देते असं धरा आणि पेट्रोल १०५ रुपये. तीच फेरी १४० रुपयांची. फेरीमागं एकशे पंधरा-अठरा वाचतात. आठवड्याला तीन फेऱ्या असल्या तर महिन्याला दीड हजार, वर्षाला अठराएक हजार. गाडी पेट्रोलवाल्यापेक्षा चाळीस हजारांनी महाग पडली तर सव्वादोन वर्षांत फिटतात. पण ज्याचं सगळं फिरणं घर ते शेत एवढंच, दिवसाला पाच-सात किलोमीटर, त्याचे चाळीस हजार फिटायला इतकी वर्षं जातील की तोवर बॅटरी म्हातारी होईल. त्यानं जुनी गाडी चालवावी आणि पैसे ठिबकला लावावेत. हे मी विजेच्या गाडीवर बसूनच सांगतोय.

चढाबद्दल लोकांच्या मनात भलती भीती आहे. गाडी, माणूस, ओझं मिळून २६० किलो धरले आणि शंभर मीटर उंच चढले, तर त्याला ७० वॉट-तास लागतात. मोटारीतला तोटा धरून नव्वद-शंभर. म्हणजे सपाट रस्त्यावरचे दोन-सव्वादोन किलोमीटर, बस्स. चढानं बॅटरी संपत नाही. चढानं मोटार तापते. गाडी हळू चालते, करंट जास्त ओढते, हवा लागत नाही, आणि चैत्र-वैशाखात बाहेरच ४२ डिग्री. मग गाडी स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि लोक म्हणतात बिघडली. बिघडत नाही, धाप लागते. दहा मिनिटं सावलीत थांबवा. आणि तापलेली गाडी घरी आणल्या-आणल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास जाऊ द्या. दावणीला आलेल्या तापल्या बैलाला आपण लगेच पाणी दाखवत नाही, तसंच समजा.

बॅटरी खरी खातो तो वेग. साठनं गेलं तर चाळीसच्या मानानं वाऱ्याचा अडथळा सव्वादोन पट होतो. ओझं असलं की मी चाळीसचा काटा सोडत नाही. पोरं हसतात, हसू द्या.

मोटार चाकातच बसवलेली असली तर साखळी-पट्ट्याची कटकट नाही, दुरुस्ती कमी, पण चाक जड होतं, खड्ड्यात दणका जास्त बसतो, पंक्चर काढायला चाक उतरवणं गावातल्या पंक्चरवाल्याला अवघड. मध्ये मोटार आणि पट्ट्यानं किंवा साखळीनं चाक फिरवणारी गाडी चढाला आणि ओझ्याला बरी, पण पट्टा तुटला तर आपल्याकडं लगेच मिळत नाही. ज्याचा रस्ता डांबरी त्यानं पहिली घ्यावी, ज्याला रोज पांधी आणि नाला आहे त्यानं दुसरी बघावी. चाकं मोठी असावीत. दहा इंची चाक खड्ड्यात उतरतं, सोळा-सतरा इंची खड्डा ओलांडतं. मडगार्ड आणि टायर यांच्यात तीन बोटं तरी जागा पाहिजे, नाहीतर काळ्या रानातला चिखल पहिल्याच पावसात चाक धरतो. ज्यानं मृगात आखाड्यावरून गाडी काढलीय त्याला हे सांगायला नको.

पाण्याचंही एक सांगतो. आयपी ६७ लिहिलं म्हणजे बॅटरी किंवा मोटार एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जात नाही, अशी ती चाचणी. पण जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. आपल्याकडं मोसंबीवाल्यांच्या घरी एचटीपी पंप असतोच आणि तोच गाडी धुवायला लावतात. तो फवारा बुडालेल्या पाण्यापेक्षा वाईट. बादली आणि फडकं घ्या.

कॅरियरचं काम गावात वेल्डिंगवाल्याकडं करायला हरकत नाही, पण कॅरियर करा आणि ते नट-बोल्टनं, पट्ट्यांनी गाडीला बांधा. गाडीच्या सांगाड्यावर वेल्डिंगचा टाका मारू देऊ नका. एक तर कितीतरी गाड्यांचा मागचा भाग अॅल्युमिनियमचा असतो. दुसरं, वेल्डिंगचा करंट बॅटरीच्या आणि कंट्रोलरच्या सर्किटमधून गेला तर ते जळतं, आणि वॉरंटीवाला हात वर करतो. अर्धा इंची चौकोनी पाईप, दोन्ही बाजूंना खाली उतरलेली चौकट, चौकटीला जुन्या ट्यूबचे पट्टे. ताडपत्रीच्या शिवलेल्या दोन पिशव्या. मागच्या चाकाची हवा ओझ्यासाठी पुस्तकात वेगळी दिलेली असते, ती भरा. उतारावर फक्त मोटारीच्या ब्रेकवर विसंबू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ती वीज परत घेऊ शकत नाही, त्यामुळं सकाळच्या पहिल्या उतारावर गाडी नेहमीसारखी ओढून धरत नाही. ओझं असताना हे कळलेलं बरं.

आता चार्जिंग. यात जिवाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडं भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवतात. पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग, शेजारी सोयाबीनची थप्पी, आणि त्याच खोलीत बोर्ड आहे म्हणून तिथंच गाडी लावतात. रात्रभर. आमच्या पाहुण्यांकडं गेल्या हिवाळ्यात एक्स्टेन्शनची पिन वितळून बोर्डाला चिकटली, वास आला म्हणून म्हातारी जागी झाली. शेजारच्या खोलीत कापूस होता. त्यात गाडीचा काही दोष नव्हता. पाच अँपिअरचा स्वस्त बोर्ड, सैल पिन, आणि चार-पाच तास सलग चालणारा चार्जर. मोबाइलचा चार्जर आणि गाडीचा चार्जर यात तेवढाच फरक आहे जेवढा दिवा आणि गिझरमध्ये.

२०२२ साली देशात विजेच्या स्कूटरच्या बॅटऱ्या पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस १५६ नावाचं ते मानक, त्यातल्या सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. म्हणून त्याच्या आधीची जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. नवी घेताना बॅटरी कोणत्या जातीची हे विचारा. एलएफपी म्हणतात ती थोडी जड असते, पण उष्णता जास्त सहन करते आणि जास्त वर्षं टिकते. आपल्या उन्हाळ्याला आणि आपल्या घराला तीच बरी. शिशाच्या बॅटरीची गाडी तर फुकट दिली तरी घेऊ नका. ओझ्यातलं निम्मं ओझं तीच असते, आणि वर्ष-दीड वर्षात बसते.

गाडी घराच्या बाहेर, भिंतीला छपरी काढून तिथं लावा. कापसाच्या खोलीत नाही, कडब्याच्या गंजीजवळ नाही, गोठ्यातही नाही. जनावरं बांधलेली असतात, रात्री सोडणार कोण? पंधरा अँपिअरचा पॉइंट, जाड वायर, वेगळा एमसीबी, आणि अर्थिंग. अर्थिंग म्हणजे खिळा ठोकणं नाही. खड्डा, कोळसा-मीठ, पाणी. हे सगळं दोन-तीन हजारांत होतं. दीड लाखाच्या गाडीला आणि चाळीस क्विंटल कापसाला दोन-तीन हजार जास्त नाहीत. आणि समजा बॅटरी पेटलीच, तर आधी मेन बंद करा, माणसं लांब न्या, धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि मग लांबून भरपूर पाणी. वरची ज्वाळा विझली तरी आतून ती परत पेटू शकते, म्हणून पाणी बराच वेळ चालू ठेवायचं.

शेतात चार्जिंग करायचा मोह सगळ्यांना होतो. शेतीच्या फीडरला लाईट आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री, आणि व्होल्टेजचा भरवसा नाही. गावठाणच्या फीडरवरच भरोसा ठेवा. काही जण विचारतात, सोलर पंप बसवलाय, त्याच्या कंट्रोलरमधून गाडी चार्ज होईल का. थेट नाही. तो कंट्रोलर मोटारीसाठी वीज देतो आणि ऊन जसं कमीजास्त होईल तशी ती बदलत राहते. चार्जर त्याला जोडला तर चार्जर जाईल, कदाचित कंट्रोलरही. युनिव्हर्सल म्हणतात तसा, दुसऱ्या कामाला वीज देणारा वेगळा कंट्रोलर असतो, तो असेल तरच, आणि तोही बसवणाऱ्याला विचारून.

गेल्या रब्बीत मी चार दिवस शिवारफेरी केली. अंबडहून घनसावंगी, जांब समर्थ, परतूर, मंठा आणि जालन्यावरून परत. मातीचे नमुने गोळा करायचे होते, अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या, शेवटी बावीस किलो झाल्या. शिवाय गिरमिट, वळकटी, चार्जर, हवेचा पंप. दिवसाला पन्नास ते सत्तर किलोमीटर. रोज दुपारी दोन तास आणि रात्री चार तास चार्जिंग मिळालं की बाकी काही अडत नाही. अडतं ते विचारायला लाजण्यानं. धाबेवाला, दूध डेअरी, पाहुणे, देवस्थानचा भक्तनिवास, सगळ्यांनी पॉइंट दिला. मी युनिट मोजून वीस रुपये ठेवायचो. कुणी घेतले, कुणी चहा पाजून परत दिले. जलद चार्जरच्या मागं लागू नका, कंपन्यांच्या पिना अजून एकमेकांना लागत नाहीत. घरच्या प्लगवर चालणारा चार्जर सोबत असणं हेच खरं. बॅटरी काढून खोलीत नेता येत असेल तर प्रवासाला सोनं, फक्त ती उचलून बघा, जिना चढताना दहा किलो पंधरा वाटतात.

कृषी सहायक, कंपनीचे फील्डवरचे पोरं, यांनी मात्र स्कूटरऐवजी पायडलची विजेची सायकलही बघावी. मोटार २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असला तर तिला नोंदणी लागत नाही. नेहमीच्या सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-तास, म्हणजे पाव युनिटपेक्षा थोडी जास्त. वीस किलो सामान आणि पायडल मारत गेलं तर वीस-बावीस किलोमीटर. दिवसाला चाळीस करायचे तर दुसरी बॅटरी पाहिजे. कॅरियर बहुतेक वेळा पंचवीस किलोचंच असतं आणि मागच्या चाकाचे आरे बारीक असतात, ते जाड टाकून घ्या. नुसता अॅक्सिलरेटर दाबून गेलात तर बॅटरी अर्ध्या वाटेत संपणार.

या नियमाचा गैरफायदा पण घेतला जातो. "लायसन नको, पासिंग नको" म्हणून स्कूटर विकतात आणि आतली वायर काढून ती पंचेचाळीसनं पळवतात. ती गाडी कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा नाही आणि समोरच्याची भरपाई तुमच्या सात-बाऱ्यावर. पोराच्या हातात देताना याचा विचार करा. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं, विमा, हेल्मेट. बाकी नाटक नको.

आता माझी तक्रार सरकारकडं आणि विद्यापीठाकडं. ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह योजना आली. त्यात पहिल्या वर्षी बॅटरीच्या प्रत्येक युनिटला पाच हजार, जास्तीत जास्त दहा हजार, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं. अनुदान मोजलं बॅटरीवर. गाडी काय वाहते याला किंमत शून्य. शहरात ऑफिसला जाणाऱ्याला आणि दोन गावांचं दूध गोळा करणाऱ्याला एकच माप. खरं तर हा विचार आपल्या महाराष्ट्रातच आधी झालेला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी पंचवीसएक वर्षांपूर्वी विजेवर चालणारी सायकल रिक्षा तयार केली. सुरुवात त्यांनी ओढणाऱ्या माणसाच्या दमण्यापासून केली. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठात बैलाची ओढशक्ती मोजतात, अवजाराला किती जोर लागतो ते मोजतात. मग दुचाकीवर सत्तर किलो टाकून बदनापूरच्या काळ्या रानातून एका युनिटात किती किलोमीटर, हे मोजायला काय अवघड आहे? खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं मेळाव्यात चार कंपन्यांच्या गाड्या बोलवाव्यात, सगळ्यांवर सारखी गोणी टाकावी आणि आकडे फळ्यावर लिहावेत. शेतकरी बियाण्याचे प्लॉट बघायला येतो, हेही बघायला येईल. आणि कंपन्यांना सक्ती करा की मोकळ्या अंतराच्या शेजारी ओझ्याचं अंतर तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

तोवर आपणच करायचं. शोरूमला जाताना युरियाची एक गोणी आणि मोसंबीचं एक भरलेलं क्रेट घेऊन जा. चालवून बघायला गाडी दिली की ते चढवा, आणि गल्लीत फेरी न मारता दहा किलोमीटर जाऊन या. निघताना किती टक्के होतं आणि आल्यावर किती, कागदावर लिहा. दुकानदार कुरकुर करेल. चालवू दिली नाही तर दुसऱ्या दुकानात जा. क्रेट तिथल्या पोरांना वाटून टाका, गोणी परत आणून कपाशीला द्या.